मराठीतील अद्भुतरम्य कादंबरी

अद्भुतरम्य कादंबरी हा मराठी गद्यकथेचा एक प्रकार आहे. राजे, राजकन्या व प्रधानपुत्र यांच्या काल्पनिक जगात, चमत्कार आणि विलक्षण योगायोग यांच्या साहाय्याने, नायक-नायिकेच्या दीर्घकाळ लांबणाऱ्या प्रेमाची कथा या प्रकारात सांगितली जाते. लक्ष्मण मोरेश्वर शास्त्री हळबे यांच्या मुक्तामाला (१८६१) या कादंबरीपासून त्याचा आरंभ मानला जातो. हळबे यांचीच रत्नप्रभा (१८६६), नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा (१८६८) आणि केशव लक्ष्मण जोरवेकर यांची विचित्रपुरी (१८७०) ही या प्रकाराची सुरुवातीची ठळक उदाहरणे होत. पुढे गो. ना. दातार आणि नाथमाधव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो वेगळ्या रूपात लोकप्रिय केला.

वास्तवापासून पळ काढणारे लेखन, अशी या कादंबऱ्यांची ओळख शालेय व महाविद्यालयीन इतिहासग्रंथांतून रूढ झाली आहे. ती पूर्णपणे चुकीची नसली तरी अपुरी आहे. त्या काळच्या मराठी समाजात विवाहापूर्वी प्रेम फुलण्याला वावच नव्हता. त्यामुळे प्रेमकथा लिहू इच्छिणाऱ्या लेखकाला राजवाडा आणि चमत्कार यांचा आश्रय घ्यावा लागला. पहिल्या पिढीतील एका लेखकाने हे कारण स्वतःच नोंदवून ठेवले आहे.

संज्ञा

संस्कृत साहित्यशास्त्रात ‘अद्भुत’ हा एक स्वतंत्र रस असून विस्मय हा त्याचा स्थायीभाव आहे. या कादंबऱ्यांत अद्भुत एकटा येत नाही, तो शृंगाराच्या सोबतीने येतो. तोही प्रामुख्याने विप्रलंभ शृंगार, म्हणजे वियोगातील प्रेम. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात विप्रलंभाचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार भेद सांगितले आहेत. प्रत्यक्ष मिलनापूर्वी, केवळ दर्शनाने किंवा गुणश्रवणाने जडणारी प्रीती म्हणजे पूर्वराग. प्रेम सावकाश उमलत नेणाऱ्या कथेला आज इंग्रजीतून आलेले ‘स्लो बर्न’ हे नाव दिले जाते. विप्रलंभाचे हे चार भेद म्हणजे अशा कथेला उपलब्ध असलेल्या वाटाच आहेत.

मराठीत गद्यकथेच्या या नव्या प्रकाराला प्रारंभी ‘नावल’ असेही म्हणत. कालांतराने तो शब्द मागे पडला आणि ‘कादंबरी’ स्थिरावला. हे मूळचे सामान्यनाम नव्हे, ते बाणभट्टाच्या नायिकेचे नाव आहे. मराठीप्रमाणेच कन्नडमध्येही हाच शब्द वापरला जातो. वास्तववादी कादंबरीला मराठीत जे नाव मिळाले आहे ते मुळात एका राजकन्यासदृश गंधर्वकन्येच्या प्रेमकथेचे आहे, याची आठवण क्वचितच ठेवली जाते.

बाणभट्टाचा नमुना

सातव्या शतकात सम्राट हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाची कादंबरी ही प्रेम लांबणीवर टाकण्याच्या कलेचा भारतीय वाङ्मयातील बहुधा सर्वांत टोकाचा नमुना आहे. विदिशेचा राजा शूद्रक याच्या दरबारात एक चांडाळकन्या बोलका पोपट घेऊन येते. पोपट आपली कथा सांगू लागतो आणि त्या कथेत जाबाली ऋषीने सांगितलेली दुसरी कथा येते. उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड किन्नरांच्या जोडीचा पाठलाग करीत अच्छोद सरोवरापाशी पोहोचतो. तेथे त्याला तपस्विनी महाश्वेता भेटते. तिचा प्रियकर पुंडरीक मिलनापूर्वीच मरण पावला आहे. एका दिव्य पुरुषाने त्याचे शव उचलून नेताना पुनर्भेटीचे आश्वासन दिले असून ती त्याच आधारावर जगत आहे. महाश्वेता दुःखात असेपर्यंत आपणही विवाह करणार नाही, असा तिच्या सखीचा, कादंबरीचा, निर्धार आहे.

म्हणजे नायिकेचे केवळ नाव ऐकू येते तेव्हाच तिच्या प्रेमाच्या वाटेतील अडथळा वाचकासमोर उभा राहिलेला असतो. तो अडथळा शत्रूने आणलेला नाही, मैत्रीने आणलेला आहे. पुढे चंद्रापीड व कादंबरी यांची भेट होते, दोघांची मने गुंततात, आणि वडिलांच्या आज्ञेमुळे राजपुत्राला उज्जयिनीस परतावे लागते. मागे राहिलेली पत्रलेखा येऊन कादंबरीची अवस्था सांगू लागते, आणि नेमक्या याच ठिकाणी बाणाचा भाग संपतो. ग्रंथ अपुरा टाकून तो निवर्तला आणि उत्तरार्ध त्याच्या मुलाने पूर्ण केला. त्यात शाप, मृत्यू व पुनर्जन्म यांच्या फेऱ्यांतून दोन्ही जोडपी एकत्र येतात. आरंभीचा शूद्रक हाच चंद्रापीडाचा पुढला जन्म असल्याचेही तेथेच उलगडते. साहित्यदर्पणाने करुण-विप्रलंभाचे उदाहरण म्हणून पुंडरीक व महाश्वेता यांचाच निर्देश केला आहे.

मराठीची स्वतःची शिदोरीही कमी नव्हती. महानुभाव कवी नरेंद्राचे आणि पुढे एकनाथांचे रुक्मिणीस्वयंवर, तसेच रघुनाथ पंडिताचे नलदमयंतीस्वयंवराख्यान यांतून राजकन्येचा पूर्वराग कीर्तनातून घरोघर पोहोचला होता. दमयंती नलावर अनुरक्त होते ती हंसाच्या तोंडून त्याचे गुण ऐकून. रुक्मिणी तर स्वतःच कृष्णाला पत्र पाठवते. मुद्रणकलेबरोबर सिंहासन बत्तिशी (श्रीरामपूर, बंगाल, १८१४) आणि सदाशिव काशिनाथ छत्रे यांची वेताळ पंचविशी (१८३०) ही पुस्तके आली. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी या नावाने सहस्ररजनीचे भाषांतर १८६१ मध्ये सुरू केले. मुक्तामाला प्रसिद्ध झाली तेही हेच वर्ष.

पहिल्या कादंबऱ्या

मराठीतील पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून मान्यता असलेले बाबा पद्मनजी यांचे यमुनापर्यटन (१८५७) हे विधवांच्या हालअपेष्टांचे चित्रण करणारे, म्हणजे पूर्णतः सामाजिक स्वरूपाचे पुस्तक होते. ते प्रसिद्ध झाल्यानंतर चारच वर्षांनी मराठी कादंबरीने दिशा बदलली. मुक्तामालेत सद्गुणी नायिकेवर एकामागून एक कोसळणारी संकटे, खलपुरुषाचे डाव आणि अखेरीस सज्जनांचा जय असा साचा आढळतो. पुढील दहा-बारा वर्षांत तो अनेकांनी गिरवला. मुक्तामाला, रत्नप्रभा, मंजुघोषा ही शीर्षके पाहिली तरी बाणाचे ऋण दिसते. पुस्तकाला नाव नायिकेचे, आणि ते नाव असे की कोणत्याही मराठी घरात त्या नावाची मुलगी सापडू नये.

या सर्वांत रिसबूड यांच्या मंजुघोषेला वेगळे महत्त्व आहे ते तिच्या प्रस्तावनेमुळे. आपल्या हिंदू लोकांतील विवाहाच्या रीती व अन्य कारणे यांमुळे नित्याच्या जीवनात मनोरंजक असे काही घडत नाही, मोठे गुण नाहीत आणि मोठे दुर्गुणही नाहीत, असे रिसबूड तेथे मांडतात. रोजचे अनुभव लिहिले तर त्यांत वाचकाला गुंतवण्यासारखे काही राहणार नाही, म्हणून रंजक ग्रंथ करू पाहणाऱ्याला अद्भुताकडे वळणे भाग पडते, असे त्यांचे म्हणणे आहे. भारतीय कादंबरीच्या उगमाची चर्चा करणाऱ्या अभ्यासकांनी या प्रस्तावनेचा वारंवार आधार घेतला आहे. चमत्कार आवडतो म्हणून लिहिला, असा दावा रिसबूड करीत नाहीत. आजूबाजूला पाहिले, तेथे कादंबरीला जागा मिळाली नाही, म्हणून दुसरीकडे गेलो, असा त्यांच्या विधानाचा अर्थ होतो.

बालविवाह आणि प्रेमकथेची अडचण

रिसबूड यांचे विधान समजण्यासाठी त्या काळची विवाहपद्धती लक्षात घ्यावी लागते. उच्चवर्णीय मराठी कुटुंबांत मुलीचे लग्न ऋतुप्राप्तीपूर्वी, बहुधा आठ ते अकरा या वयांत, वडीलधारे ठरवीत. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने संमतिवय दहा वर्षे ठरवले होते. ते १८९१ मध्ये बारा केले, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकाचा दुसरा विवाहही डिसेंबर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहाने अकरा वर्षांच्या रमाबाईंशी झाला. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले होते. बालपणी झालेले लग्न मान्य नसल्याचे रखमाबाईंनी सांगितले, तेव्हा १८८४ ते १८८८ या काळात त्यांना न्यायालयात लढावे लागले.

सावकाश फुलणाऱ्या प्रेमाला दोन गोष्टी लागतात: निवड करण्याइतके वय आणि निवड होईपर्यंतचा काळ. १८६० च्या दशकातील पुण्या-मुंबईच्या घरात या दोन्ही नव्हत्या. अविवाहित तरुणी हे पात्र वास्तवात जवळजवळ नव्हतेच. ज्या तरुण स्त्रिया होत्या त्या कोणाच्या तरी पत्नी होत्या किंवा विधवा होत्या. पत्नीचे परपुरुषावरील प्रेम लिहिणे अशक्य होते, आणि विधवेचे प्रेम लिहिणे म्हणजे १८५६ च्या विधवाविवाह कायद्यावरून पेटलेल्या वादात उडी घेणे होते.

राजवाड्याने ही कोंडी फोडली. धर्मशास्त्राने क्षत्रियांना गांधर्वविवाह मान्य केला होता आणि स्वयंवराची परंपरा महाकाव्यांनी पवित्र केली होती. त्यामुळे वयात आलेली, अविवाहित, सुशिक्षित आणि स्वतःचा वर निवडणारी नायिका राजकन्या असेल तर कोणाच्याही भावना दुखावत नव्हत्या. वाचकाच्या घरातील मुलीला जे स्वातंत्र्य नाकारले जाई ते शकुंतलेला आणि दमयंतीला होतेच. लेखकाने फक्त त्यांना एक धाकटी बहीण दिली. रंगभूमीवरही पुढे हेच घडले. अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी शाकुंतल (१८८०) आणि सौभद्र (१८८२) या संगीत नाटकांत अशाच नायिका निवडल्या.

राजघराण्याची निवड आणखी एका अंगाने वाचता येते. १८१८ मध्ये पेशवाई संपली, १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर व झाशी खालसा झाली. साताऱ्याच्या व झाशीच्या बाबतीत दत्तक वारस नाकारला गेला होता. हे पाहिलेल्या पिढीच्या हाती हरवलेले राजपुत्र, लपवलेले वारस आणि परत मिळालेली सिंहासने यांच्या कथा पडत होत्या. काल्पनिक राज्याचा नकाशा कोणत्याही कलेक्टरच्या हद्दीत येत नव्हता, ही सोय लहान नव्हती.

चमत्काराचे कार्य

या परंपरेत चमत्कार दोन प्रकारची कामे करतो. पहिले काम भेट घडवण्याचे. स्वप्नदर्शन, चित्रदर्शन, बोलका पक्षी, वाट चुकलेला घोडा या साधनांनी एरवी कधीच समोरासमोर न येणारी दोन माणसे एकमेकांना पाहतात. दुसरे काम भेट लांबवण्याचे. शाप, रूपांतर, विस्मृती, अपहरण, गुप्त भुयार ही सर्व वियोगाची साधने आहेत. दुष्यंताची विस्मृती दुर्वासाच्या शापामुळे होते. कालिदासाने शाप घातला नसता तर राजा केवळ कृतघ्न ठरला असता. अद्भुतरम्य कादंबरीतही शाप किंवा मायाजाल बहुधा नायकाला दोषमुक्त ठेवून विरह निर्माण करते.

यावरून या प्रकारच्या कथेच्या आरंभाविषयी एक गोष्ट स्पष्ट होते. अडथळा जर आरंभीच जादूच्या नियमात गुंफलेला नसेल, तर पुढे लेखकाला एकामागून एक योगायोग रचावे लागतात. बाणाची कथा जन्मजन्मांतरे लांबूनही सैल वाटत नाही, कारण प्रत्येक विलंबाला आधीच्या शापाचे किंवा वचनाचे कारण आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी कादंबऱ्या येथे कमी पडल्या. त्यांतील संकटे वाढवता येतात तशी गाळताही येतात. एक अपहरण कमी झाले तरी शेवट बदलत नाही. नायिकेचे मनही बहुधा पहिल्या दर्शनातच निश्चित होते. त्यामुळे पुढील प्रकरणांत लांबतो तो प्रवास; प्रेम जागचे हलत नाही.

टीका

ही उणीव समकालीनांच्याही लक्षात आली होती. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये नावल व नाटक यांविषयी लिहिलेल्या निबंधात या लेखनातील असंभाव्यतेवर बोट ठेवले. मराठीतील कादंबरीविषयक समीक्षेचा आरंभ याच निबंधापासून मानतात. म्हणजे मराठीत कादंबरीची समीक्षा सुरू झाली तीच अद्भुताशी भांडत. १९०२ मध्ये इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ हा दीर्घ निबंध लिहिला आणि मराठी कादंबऱ्यांचे मोजमाप युरोपीय कादंबरीच्या मापाने केले. राजवाडे हे पेण तालुक्यातील वरसईचे. विनोबा भावे यांचे जन्मगाव गागोदे बुद्रुक हेही याच तालुक्यातले.

दरम्यान प्रवाह फुटला होता. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या मोचनगड (१८७१) या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीने राजे आणि किल्ले यांना काल्पनिक देशांतून शिवकाळात आणले. हरि नारायण आपटे यांनी मधली स्थिती (१८८५) पासून सामाजिक कादंबरीला स्वतःचे बळ दिले. करमणूक साप्ताहिकातून क्रमशः आलेल्या पण लक्षांत कोण घेतो? या कादंबरीत त्यांनी दाखवले की बालविवाहाच्या घरातही कादंबरीला पुरेल इतके नाट्य आहे. नित्याच्या जीवनात काही घडत नाही, या रिसबूड यांच्या म्हणण्याला ते सर्वांत सडेतोड उत्तर होते. मात्र ते नाट्य दुःखाचे होते. प्रेमकथेचा प्रश्न तेथेही सुटला नव्हता.

दातार आणि नाथमाधव

विसाव्या शतकाच्या आरंभी अद्भुतरम्यतेची दुसरी लाट आली, आणि या वेळी तिच्यामागे बाणभट्टाऐवजी जॉर्ज डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा इंग्रज कादंबरीकार होता. लंडनमधील गुन्हे व रहस्ये आठवड्याच्या हप्त्यांनी लिहिणारा रेनॉल्ड्स इंग्लंडच्या उच्चभ्रू समीक्षेत उपेक्षित राहिला, पण भारतात अफाट वाचला गेला. आपट्यांची मधली स्थितीही त्याच्याच कादंबरीच्या आधाराने सुरू झाली होती. गो. ना. दातार (१८७३–१९४१) यांनी रेनॉल्ड्सच्या कथानकांना भारतीय राजदरबार, गुहा व मंदिरे यांचा वेष चढवला. कालिकामूर्ती, इंद्रभुवनगुहा, बंधुद्वेष या त्यांच्या कादंबऱ्या अनेक पिढ्या वाचल्या गेल्या. त्यांत खऱ्या जादूपेक्षा रहस्य अधिक आहे. चमत्कार वाटलेली घटना शेवटी एखाद्या भुयाराने किंवा वेषांतराने उलगडते.

नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८), हे या लाटेतील दुसरे मोठे नाव. तरुणपणी शिकारीच्या वेळी कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. त्यानंतर त्यांनी लेखनाला वाहून घेतले. वीरधवल (१९१३) ही त्यांची अद्भुतरम्य कादंबरी या प्रकारातील सर्वाधिक गाजलेल्या कृतींपैकी एक आहे. मालिका उभी करण्याचा त्यांचा उत्साह मात्र दिसतो तो इतिहासात. स्वराज्याचा श्रीगणेशा, स्वराज्याची स्थापना अशा क्रमाने त्यांनी शिवकाळावर कादंबरीमाला लिहिली. हिंदीत देवकीनंदन खत्री यांनी चंद्रकांता (१८८८) आणि तिच्यापुढील चंद्रकांता संतति यांमधून तिलिस्म व ऐयार यांची जी प्रदीर्घ काल्पनिक मालिका रचली, तिच्या तोडीचे काही मराठीत झाले नाही. मराठीत राजे बहुखंडी मालिकेत आले तेव्हा ते बहुतेक वेळा खरेच राजे होते.

रंगभूमीवरील एक वळण

प्रेम पहिल्या दर्शनात न जडता सावकाश बदलत जाते, हे मराठीत ठसठशीतपणे दाखवले ते एका नाटकाने. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या संगीत मानापमान (१९११) मध्ये श्रीमंत भामिनी शूर पण निर्धन धैर्यधराचा अपमान करते. नंतर ती वनमाला या नावाने वेष पालटून त्याच्या सहवासात येते आणि त्याचे मोल तिला हळूहळू उमगते. सरंजामी, काल्पनिक वातावरण तेच आहे, पण शाप नाही आणि जादूही नाही. अडथळा नायिकेच्या स्वभावात आहे. बालगंधर्वांच्या भामिनीने आणि गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी हे नाटक अजरामर केले. कादंबरीला जे साधले नव्हते ते येथे साधले, याची दखल कादंबरीच्या इतिहासांनी फारशी घेतलेली नाही.

पुढील काळ

मुलींचे शिक्षण वाढले, विवाहाचे वय पुढे गेले, १९२९ च्या शारदा कायद्याने मुलींसाठी किमान वय चौदा ठरवले, आणि महाविद्यालयात जाणारी अविवाहित तरुणी हे पात्र वास्तवात उपलब्ध झाले. वामन मल्हार जोशी यांच्या रागिणीपासून ना. सी. फडके यांच्या प्रणयकथांपर्यंत प्रेमाची जागा राजवाड्यातून दिवाणखान्यात आणि टेनिसच्या मैदानावर आली. अद्भुताची निकड संपली आणि तो प्रामुख्याने बालसाहित्याकडे सरकला.

विवाहानंतर सावकाश जुळत जाणाऱ्या नात्याची मराठीतील खरी नोंद मात्र स्त्रियांच्या आत्मकथनांत सापडते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रमाबाई रानडे यांचे आमच्या आयुष्यातील काही आठवणी (१९१०) हे पुस्तक, घरातील बायकांचा विरोध सोसत पतीपाशी अक्षरे शिकण्यापासून सुरू झालेल्या सहजीवनाची कथा सांगते. रिसबूड ज्या घरात कादंबरीला विषय नाही असे म्हणत होते, ते याच प्रकारचे घर होते.

एकविसाव्या शतकात इंग्रजीत सारा जे. मास (२०१५ पासूनची मालिका) आणि रिबेका यारोस (२०२३) यांच्या यशानंतर राजघराणे, जादू आणि संथ गतीचे प्रेम यांचा मेळ ‘रोमँटसी’ या नावाने ओळखला जाऊ लागला. मराठीत असे लेखन मुख्यतः प्रतिलिपीसारख्या डिजिटल मंचांवर भागाभागांनी प्रसिद्ध होते. प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठा टिकवणे, हा करमणूककालीन दंडक तेथे पुन्हा लागू झाला आहे. राजपुत्र, शाप आणि बोलके पक्षी यांच्याबरोबर आता ठरवून केलेला विवाह हाही कथेचा आरंभबिंदू म्हणून येतो. तेथे लग्न पहिल्या भागात होते आणि प्रेम नंतर.